कपाटातले चार कोट

अग्निशमन केंद्राच्या दारातून आत आलं की समोर काचेचं कपाट दिसायचं. त्यात चार कोट, चार हेल्मेटं, तोंडावर लावायचे चार मुखवटे आणि पाठीवर बांधायच्या हवेच्या चार टाक्या. सगळं कोरं करकरीत, कारखान्यातून आलं त्याच प्लॅस्टिकमध्ये. वर एक छोटा दिवा, दागिन्यांच्या दुकानात असतो तसा. कपाटाला नारळाएवढं कुलूप.

आगीची वर्दी आली की याच कपाटासमोरून चार माणसं बंबाकडे धावत जायची. अंगात बाह्या उसवलेले कोट, पायात चिकटपट्टी लावलेले गमबूट, तोंडाला ओला रुमाल. आग विझवून डोळे चोळत, खोकत, थुंकत पुन्हा याच कपाटासमोरून परत यायची. जाता-येता काचेत आपलीच तोंडं बघायची. गेलं वर्षभर हे चाललं होतं.

ही माणसं वेडी होती असं कुणाला वाटेल. वेडी असती तर औषध देता आलं असतं. ती शहाणी होती, आणि आपल्याला सगळं कळतं याची त्यांना खात्री होती.

कपाटाची किल्ली केंद्रप्रमुखांच्या कमरेला असायची. त्यांच्याकडे किल्ल्यांचा एवढा जुडगा होता की ते चालायला लागले की आधी आवाज यायचा आणि मग ते यायचे. निवृत्तीला आले होते. त्यांची सख्खी भाची त्यांच्याच हाताखाली फायरमन म्हणून लागली होती. ती घरी त्यांना मामा म्हणायची आणि केंद्रात साहेब. बाकीच्यांनी मात्र पहिल्या दिवशीच तिचं नाव भाची ठेवलं आणि साहेबांचं मामा. हजेरीलासुद्धा तेच.

नोकरीची ही तिची पहिलीच वेळ नव्हती. त्याआधी ती पुठ्ठ्याच्या खोक्यांना झाकणं चिकटवायच्या कारखान्यात होती. तिथल्या गोंदाचा वास अजून नाकातून गेला नाही म्हणायची. आगीची नोकरी तिनं मामांच्या नाकावर टिच्चून परीक्षा देऊन मिळवली होती. पण अजून कायम झाली नव्हती. येत्या तपासणीला मुख्यालयातले मोठे साहेब येणार, तिच्या कागदावर सही करणार आणि मग ती कायम होणार. नाही केली सही, तर परत गोंद.

मामा कुलूप लावायचे, पण उघडा म्हणून कुणी म्हणत होतं असंही नाही. लीडिंग फायरमन होता पैलवान. दारासारखी छाती, छातीपर्यंत दाढी. त्याचं हेल्मेट मुळात पिवळं होतं हे त्याच्या बायकोलाही माहीत नव्हतं. काजळी चढून चढून ते तव्यासारखं झालेलं, आणि तो ते कधी पुसू द्यायचा नाही. ज्याचं हेल्मेट जास्त काळं तो जास्त मोठा, असा हिशेब. आगीतून शेवटी बाहेर येईल त्याला पहिला चहा, ही केंद्राची जुनी रीत. आणि मुखवटा लावून आत जाणं म्हणजे छत्री घेऊन पोहायला जाणं.

"आम्ही धूर प्यायलोय," पैलवान म्हणायचा. "तुम्ही आजकालची पोरं हवा पिता."

"हवाच प्यायची असते, दादा," भाची म्हणायची. "शाळेत शिकवलं नाही का?"

चौथा माणूस बंबाचा ड्रायव्हर. डुलकीकाका. उभ्याउभ्या झोपायचे, बोलताबोलता झोपायचे, पण घंटा वाजली की सगळ्यांच्या आधी सीटवर. गाडी सुरू झाल्यावर डोळे उघडायचे, असं लोक म्हणायचे. त्यात थोडं खरं होतं.

तर एका दुपारी गादी कारखान्याला आग लागली. गादीची आग म्हणजे ज्वाळा कमी आणि धूर काळाकुट्ट, चिकट. पैलवान आणि भाची आत गेले. बाहेर आल्यावर पैलवान बंबाच्या मागे गेला आणि ओणवा होऊन भडाभडा ओकला. भाचीचे स्वतःचे डोळे चुरचुरत होते, पण ती पाण्याचा तांब्या घेऊन गेली.

"काय झालं, दादा?"

"काही नाही गं. सकाळचं जेवण बाहेर काढून बघतोय, नीट शिजलं होतं का ते."

म्हणाला आणि पुन्हा ओकला. या खेपेला काळं पडलं. तो हसत होता, पण एका हातानं त्यानं बंबाचं चाक घट्ट धरून ठेवलं होतं. भाचीनं ते पाहिलं. पैलवानानं तिनं पाहिलेलं पाहिलं. "पहिला चहा माझा," एवढंच म्हणाला.

केंद्रात आल्याआल्या ती थेट मामांच्या खोलीत गेली. मामा कुलपाला तेल घालत बसले होते.

"साहेब, किल्ली द्या."

"कशाला?"

"कपाट उघडायला. त्या किल्लीनं दुसरं काय उघडतं?"

"ते सामान तपासणीचं आहे."

"आणि आगीचं सामान कुठलं?"

"जे अंगावर आहे ते."

"माझ्या अंगावर आहे त्यातून मला माझं कोपर दिसतं, साहेब. पैलवानदादा काळं ओकलाय."

"तो वीस वर्षं ओकतोय," मामा म्हणाले. "त्याला सवय आहे."

भाचीच्या तोंडात मोठी शिवी आली होती. मामा म्हणून तिनं ती गिळली, साहेब म्हणून गिळली नसती. मामांना ते कळलं असावं. त्यांनी तेलाची बाटली बाजूला ठेवली.

"हे बघ. मी तुझ्याएवढा होतो तेव्हा एका इमारतीतून एक माणूस पाठीवर घालून आणला. शिडी तिथंच राहिली, जळाली. त्या माणसाचं पुढं काय झालं, जगला का मेला, मला आजवर कुणी विचारलं नाही. शिडीचं मात्र सात वर्षं विचारत होते. कुठं ठेवली होती, कुणी ठेवली होती, का उचलली नाही. इथं माणूस भाजला तर विचारपूस होते. सामान भाजलं तर चौकशी होते. मी चौकशी भोगलीय. तपासणी होऊ दे, मी निवृत्त होतो, मग तुम्ही ते कोट घालून नाचा."

"तोवर कोण मेलं तर?"

"उगाच अभद्र बोलू नकोस," मामा म्हणाले आणि कुलूप नीट पुसून घेतलं.

त्या रात्री जेवताना तिनं मामींकडे गाऱ्हाणं मांडलं. मामी म्हणाल्या, "माझ्याकडे काय सांगतेस? ह्यांनी लग्नातला सूट अजून पिशवीतून काढलेला नाही. पोट सुटलं, पण सूट सुटला नाही." मामा ताटात बघत जेवत राहिले.

आता एक गोष्ट मला कळत नाही. ज्या लोकांना बंद दारं उघडण्याचाच पगार मिळतो, त्यांच्यासमोर कुलूप लावून माणूस निर्धास्त कसा राहतो? मामा मुख्यालयात बैठकीला गेले त्या दुपारी भाचीनं कुलपाला हातही लावला नाही. तिनं कपाटाच्या दुसऱ्या बाजूच्या बिजागऱ्यांचे स्क्रू काढले आणि अख्खं दार कुलपासकट उलट्या बाजूनं उघडलं. चहा उकळायला लागतो तेवढ्यात.

"हे पाप आहे," डुलकीकाका म्हणाले. ते दारात पहाऱ्याला होते आणि त्यांचे डोळे मिटलेले होते.

"मग डोळे उघडू नका, काका."

नवं बाहेर आलं, जुनं आत गेलं. पण नुसतं कोंबून चालणार नव्हतं. जुने कोट तिनं धुऊन, घासून, इस्त्री करून आणले होते. फाटकी बाही मागं दुमडली, हेल्मेटांची काजळी घासून काढली. बंबाच्या कप्प्यात पडून राहिलेल्या जुन्या मुखवट्यांचं रबर तडकलं होतं, तो तडा भिंतीकडे केला. जुन्या टाक्यांना डुलकीकाकांनी आपल्या स्कूटरसाठी आणलेल्या रंगाचा हात मारला. वर प्लॅस्टिक चढवलं आणि कडा गरम इस्त्रीनं चिकटवल्या. दार पुन्हा स्क्रूंवर बसवलं, दिवा लावला. झकास दिसत होतं. खरं तर नव्यापेक्षा जास्त नवं.

आता बाहेर काढलेलं नवं. ते बंबावर तसंच ठेवलं असतं तर मामांना लांबूनच चमकलं असतं, आणि पैलवानानं "मी काय नवरदेव आहे का?" म्हणून घातलं नसतं. म्हणून भाचीनं बंबाच्या धुराड्यातली काजळी काढली आणि हेल्मेटांना चोळचोळ चोळली. कोट अंगणात लोळवले, त्यावरून एकदा बंबाचं चाक नेलं. दुसऱ्या पाळीतल्या लोकांना डुलकीकाकांनी विश्वासात घेतलं, म्हणजे धमकावलं. पैलवानाला कुणी काही सांगितलं नाही.

पुढच्या वर्दीला त्यानं घाईत कोट चढवला आणि म्हणाला, "सैल का लागतोय हा?"

"तुम्ही बारीक झालात, दादा."

"हो? बायकोही म्हणत होती," पैलवान खूश झाला. बायको तसं काही म्हणत नव्हती.

मुखवट्याचं काम अवघड होतं. तिथं भाचीनं दुसरा डाव टाकला. चालत्या बंबात सहज म्हणून बोलली, "दुसऱ्या पाळीतले म्हणतात, पैलवानाला मुखवटा जमत नाही. जीव घुसमटतो म्हणे त्याचा. घाबरतो."

"कोण घाबरतो? आण इकडे."

प्लॅस्टिकच्या खुर्च्यांचं गोदाम होतं, आग तळघरात. पैलवान मुखवटा लावून उतरला, मागून भाची. दाढीमुळे कडेनं थोडा धूर आत शिरत होता, तरी नेहमीच्या रुमालापेक्षा शंभरपट बरं. एरवी दाराशी पोचेपर्यंत त्याला काही दिसायचं नाही. आज तो आतल्या जिन्यापर्यंत गेला आणि पोत्यांच्या मागं पडलेला पहारेकरी त्याला सापडला. दोघांनी मिळून त्याला वर आणलं. पहारेकरी खोकत होता, शिव्या देत होता, म्हणजे ठीक होता.

मामा तळघराच्या दाराशी उभे होते. पैलवान बाहेर आला, मुखवटा काढला आणि सरळ उभा राहिला. डोळे स्वच्छ. श्वास शांत. सगळे त्याच्याकडे बघत होते. मग त्याच्या लक्षात आलं की आपण खोकत नाही आहोत. एवढ्या लोकांसमोर! तो घाबरला आणि त्यानं खोकायला सुरुवात केली. इतका खोटा खोकला शाळा बुडवणाऱ्या पोरानंही काढला नसता. भाचीनं पाण्याचा होज गुंडाळायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

"शाबास!" मामा म्हणाले. "धूर प्यावा तर असा. पहिला चहा ह्याला."

चहा घेऊन पैलवान बंबाच्या मागं आला.

"ए भाची. हे काय आहे?"

"काय, दादा?"

"मला आत श्वास येत होता."

"मग? तक्रार करायचीय?"

पैलवानानं कोटाची बाही नखानं खरवडली. मातीखाली नवं कापड दिसलं. त्यानं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा केंद्रप्रमुखांच्या पाठीकडे, आणि सगळा चहा एका घोटात संपवला.

"मामाला सांगितलंस तर बघ," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो दाढी उतरवून आला. गालांचा रंग कणकेसारखा. "बायको मागं लागली होती," असं त्यानं कुणी विचारायच्या आतच सांगून टाकलं. मुखवटा आता चेहऱ्याला घट्ट बसू लागला.

असे महिने गेले. मामा रोज सकाळी कपाटाची काच पुसायचे, रोज आत डोकावायचे, आणि चार फाटक्या कोटांकडे बघून त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरायचं.

तपासणीच्या दिवशी मोठे साहेब सकाळीच आले. मागं त्यांची गाडी, गाडीत शिपाई. बंबाकडे त्यांनी बघितलं नाही, तो मळका होता. होज बघितले नाहीत, ते ओले होते. सरळ कपाटापाशी गेले आणि थांबले.

"वा!" ते म्हणाले. "गेल्या वर्षी होतं तसंच्या तसं. याला म्हणतात जतन."

मामांनी जुडग्यातून किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि दार उघडून बाजूला उभे राहिले. मोठ्या साहेबांनी एक बोट पुढं केलं, प्लॅस्टिकजवळ नेलं आणि डाग पडेल म्हणून मागं घेतलं. भाचीनं इतका वेळ धरलेला श्वास सोडला. तिचा कागद टेबलावर होता. साहेबांचं पेन खिशात होतं. खिशातून टेबलापर्यंत, एवढंच अंतर उरलं होतं.

मोठे साहेब वळले आणि म्हणाले, "हे सगळं माझ्या गाडीत ठेवा."

"म्हणजे?" मामा म्हणाले.

"आज संध्याकाळी आपलं नवं केंद्र सुरू होतंय. रसायनांच्या गोदामांच्या रांगेत. तिथल्या पोरांना अंगावर घालायला धड सामान नाही, आणि तुमच्याकडे चार संच कोरे पडलेत. वर्षभरात एकदाही लागले नाहीत. म्हणजे तुम्हाला गरज नाही."

मामांचा चेहरा बघवत नव्हता. पोटच्या पोरीला सासरी पाठवताना बापाचा होतो तसा. पण शिस्तीचा माणूस, त्यांनी मान हलवली. शिपाई कपाटात शिरला.

डुलकीकाकांचे डोळे त्या दिवशी पहिल्यांदा सताड उघडे होते. ते भाचीच्या कानाशी आले.

"गप्प राहा. सुटलो आपण. घाण चाललीय, सोनं बंबावर आहे. तुझी सही झाली की संपलं."

"काका, तिथली पोरं ते घालतील."

"घालू देत की. आपण नव्हतो घालत?"

"आपल्याला माहीत होतं ते फाटलंय. म्हणून आपण दारातून परत फिरायचो. त्यांना नवं वाटेल. ती आत जातील."

शिपायानं पहिला संच उचलून खांद्यावर टाकला होता. दारापर्यंत पोचला होता. भाचीनं टेबलावरच्या आपल्या कागदाकडे एकदा बघितलं. गोंदाचा वास आलाच.

"साहेब, एक मिनिट," ती म्हणाली. "देण्याआधी घालून दाखवते."

"प्लॅस्टिक फाडू नकोस!" मामा ओरडले.

तिनं फाडलं. टर्रकन. मामांनी डोळे मिटून घेतले, जणू त्यांचंच काही फाटलं. कोट बाहेर आला आणि तिनं अंगात घालताच दुमडलेली बाही कोपरापासून खाली लोंबली. मुखवटा तोंडाला लावला तर तडकलेलं रबर हातात आलं. टाकीवरचा रंग तिच्या तळव्याला लागला.

मोठे साहेब कोटाकडे बघत होते. मामा कोटाच्या काखेकडे बघत होते. तिथं निळ्या दोऱ्याची शिवण होती, जाड, वेडीवाकडी, मामींच्या हातची. मामांचा स्वतःचा कोट होता तो; आगीच्या जागी ते बाहेर उभे राहायचे, म्हणून कित्येक महिन्यांत त्यांनी तो अंगात घातलाच नव्हता.

"हे नवं आहे?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

डुलकीकाका पुढं झाले. "ठेवून ठेवून असं होतं, साहेब. रबर आहे, कापड आहे. हवा लागली नाही की कुजतं."

"असं!" मोठे साहेब मामांकडे वळले. "म्हणजे हलगर्जी. निवृत्तीच्या तोंडावर! लाखमोलाचं सामान तुम्ही कुजवलंत."

मामांनी शिवणीवरून नजर काढून भाचीकडे बघितलं. त्यांना कळलं होतं. एक शब्द बोलले असते तर ते सुटले असते. ते बोलले नाहीत. जुडगा हातात धरून उभे राहिले, किल्ल्या वाजू नयेत म्हणून मूठ घट्ट केली.

"हलगर्जी नाही, साहेब," भाची म्हणाली. "चोरी आहे. मी केली. हे आमचं जुनं आहे. नवं बंबावर आहे, केव्हापासून आम्ही तेच घालतोय. आमच्या साहेबांना माहीत नव्हतं. ह्या दोघांनाही माहीत नव्हतं."

"मला माहीत होतं," डुलकीकाका म्हणाले.

"मला पण," पैलवान म्हणाला. "मी तर त्यापायी दाढी काढली."

मोठ्या साहेबांचा चेहरा लाल झाला. "सरकारी कपाट फोडलंस? तुझ्या कागदाचं काय होणार कळतंय ना तुला?"

"कळतंय."

"बंबावरचं सामान उतरवा. आत्ताच्या आत्ता. ते जाईल नव्या केंद्राला."

शिपाई बंबाकडे निघाला. बंबाच्या कप्प्यासमोर पैलवान जाऊन बसला. हाताची घडी घातली.

"उतरवा," तो म्हणाला. "आधी मला उतरवा."

शिपायानं त्याच्या दंडांकडे बघितलं आणि साहेबांकडे बघितलं. साहेबांनी मामांकडे बघितलं. "तुमच्या माणसाला हलवा!"

मामा बंबापाशी गेले. पैलवानाच्या मागं हात घालून एक हेल्मेट काढलं. बोटानं काजळी पुसली. खाली पिवळा रंग निघाला. मुखवटा उलटून आतून बघितला, घामाचे डाग होते. पैलवानाच्या गुळगुळीत गालांकडेही बघितलं. आपला लीडिंग फायरमन इतके महिने का ओकला नाही, हे त्यांना आत्ता उमगत होतं.

मग त्यांनी घसा साफ केला.

"हे देता येत नाही, साहेब."

"का?"

"परिपत्रक आहे तुमचं. वापरलेला मुखवटा आणि अंगाला लागलेला कोट एका केंद्राकडून दुसऱ्या केंद्राकडे द्यायचा नाही. आरोग्याच्या कारणास्तव. हे वापरलेलं आहे. बघा, वास घ्या."

मोठ्या साहेबांनी वास घेतला नाही.

"मग त्या पोरांनी आज काय घालायचं?" ते ओरडले. "हे परिपत्रक?"

"कोरे संच आहेत की."

"कुठं आहेत?"

"मुख्यालयाच्या दर्शनी दालनात," मामा म्हणाले. आवाज तोच, हजेरी घ्यायचा. "चार पुतळे उभे आहेत. कोट, हेल्मेट, मुखवटा, टाकी, सगळं घातलेलं. त्यांना वर्षानुवर्षं एकही वर्दी आलेली नाही. म्हणजे गरज नाही."

पैलवानाला खोकला आला. या खेपेचाही खोटाच होता.

मोठे साहेब काहीतरी बोलणार होते, चौकशी हा शब्द तोंडात आला होता. मामांनी तो बाहेर पडू दिला नाही. "चौकशी जरूर लावा, साहेब. मला सवय आहे. फक्त आज सकाळी ह्या जुन्या कोटांसमोर उभं राहून 'वा' कुणी म्हटलं होतं, ते मला विचारतील. मला खोटं बोलता येत नाही."

मोठ्या साहेबांनी खिशातलं पेन चाचपलं आणि तसंच राहू दिलं. "पुतळ्यांचं घेऊन जा," ते म्हणाले. "पण हिची सही नाही. पुढच्या तपासणीला बघू. तोवर मला हिची एकही तक्रार कानावर यायला नको." आणि गाडीत बसून निघून गेले. सही झाली नाही, तसं कुणी तिला काढूनही टाकलं नाही. वर्षभर पुन्हा लटकायचं. भाचीनं तो कागद उचलला, घडी केली आणि खिशात टाकला. चेहरा पडला होता. तो पडलेलाच राहिला, उगाच शूरपणा कशाला सांगू?

दुपारी मामा स्वतः तिला घेऊन मुख्यालयात निघाले. डुलकीकाका गाडी चालवत होते. अर्धा रस्ता मामा जुडग्यातल्या किल्ल्या मोजत होते. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कोयंडा की बिजागरी?"

"बिजागरी, साहेब."

"माझंच चुकलं. कुलूप चांगलं घेतलं, बिजागऱ्या स्वस्तातल्या बसवल्या." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "आणि माझा कोट इस्त्री कुणी केला?"

"मीच. का?"

"एवढी चांगली इस्त्री घरी कधी केली नाहीस."

दर्शनी दालनात पुतळ्यांचे कपडे उतरवायला लागल्यावर कारकून जमा झाले. नागडे पुतळे बरे दिसत नाहीत म्हणून भाचीनं त्यांना केंद्रातले जुने फाटके कोट चढवले. एका पुतळ्याची बाही लोंबत राहिली. कुणीतरी विचारलं, हे घालून खरंच आत जायचे का? "जायचे," भाची म्हणाली. "परतही यायचे. बहुतेक."

नव्या केंद्रावर पोचले तेव्हा ऊन कलत होतं. दाराला फीत बांधलेली, मोठ्या साहेबांच्या खुर्चीवर टर्किश टॉवेल. चार पोरं रांगेत, कालपरवा प्रशिक्षण संपवून आलेली. आणि त्यांचे नवे केंद्रप्रमुख, तरुण, हसतमुख. त्यांनी सामान बघितलं आणि हरखून गेले.

"अरे वा! अगदी कोरं. सुताराला आजच सांगतो, काचेचं छान कपाट..."

मामांनी त्यांना पुढं बोलू दिलं नाही. ते पोरांकडे वळले.

"घाला."

"आत्ता? उद्घाटनाच्या आधी?" तरुण प्रमुख म्हणाले. "साहेब, मळेल ना."

"घाला म्हणतो ना!" मामांच्या आवाजानं पोरांनी कोट चढवले, टाक्या बांधल्या, मुखवटे लावले. मामांनी एकेकाचा पट्टा ओढून बघितला. एकाच्या हनुवटीवर कोवळी दाढी होती. "घरी जाऊन काढ ही," म्हणाले. मग अंगणाकडे बोट दाखवलं. "पळा. भिंतीला हात लावून परत."

पोरं पळाली. टाक्या पाठीवर आपटत होत्या. परत आली तर मामांनी पहिल्याच्या कोटात हात घालून बघितला.

"कोरडा आहे. अजून एक फेरी. घामानं भिजल्याशिवाय वापरलेलं धरत नाहीत."

"काय धरत नाहीत?" तरुण प्रमुखांनी विचारलं.

भाची त्यांच्या शेजारी उभी होती. "वापरलेलं सामान परत नेता येत नाही," ती म्हणाली. "परिपत्रक आहे."

तेवढ्यात रस्त्याच्या टोकाला मोठ्या साहेबांची गाडी दिसली. मामांनी ती बघितली, किल्ल्यांचा जुडगा कमरेवर दाबून धरला आणि पोरांच्या मागं स्वतःच पळत सुटले.

"लवकर! लवकर रे! साहेब यायच्या आत घाम आला पाहिजे!"